चार मतं आहेत, चारही द्या

नमस्कार मंडळी. येत्या गुरुवारी, म्हणजे 15 जानेवारी 2026 ला, संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या पुणे महापालिकेचं मतदान आहे. राज्यातल्या सगळ्या 29 महापालिकांचं त्याच दिवशी आहे. आपल्याकडे याआधीचं मतदान झालं होतं 21 फेब्रुवारी 2017 ला, त्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तेव्हापासून आजपर्यंत प्रशासक. म्हणजे 2017 ला नववी-दहावीत असलेली पोरं आता नोकरीला लागली, पण महापालिकेसाठी बटण दाबायची वेळ त्यांच्यावर आलेलीच नाहीये. म्हणून आधी एकच गोष्ट सांगते, नीट ऐका. आपल्याला चार मतं द्यायची आहेत, कारण एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे आहेत. एक नाही, चार. (एका प्रभागात तर पाच आहेत.)

आता माझ्या आत्याचं ऐका. 2017 ला ती बहात्तर वर्षांची होती, आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली, एकही मतदान न चुकवलेली बाई. सकाळी आम्ही दोघी रांगेत उभ्या, ती पुढे, मी मागे. तिचं नाव सापडलं, बोटाला शाई लागली, ती आत गेली आणि अर्ध्या मिनिटात बाहेर. मशीनचा तो लांब आवाज काही आला नाही. टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, थांबा, अजून तीन राहिलीत." आत्या म्हणाली, "माझं झालं." मॅडम परत म्हणाल्या, तीन राहिलीत. तर आत्याचा चेहरा एकदम बदलला, म्हणाली, "अहो, मी बोगस मतदान करायची नाही. चार-चार मतं आजवर कधी दिलेली नाहीत."

अख्खी रांग गप्प. तिला खरंच वाटलं होतं की आपल्याकडून कोणीतरी जास्तीची मतं टाकून घेतंय. त्या मॅडमचं मला आजही कौतुक वाटतं, त्या अजिबात चिडल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, मावशी, हा प्रभाग चौघांचा आहे, अ ब क ड, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा, प्रत्येक रंगात एक बटण, कोणीच पटत नसेल तर शेवटी नोटा आहे, चारही झाली की आवाज येतो. आत्या परत आत गेली. आणि मग इतका वेळ लागला, इतका वेळ, की मागचे लोक चुळबुळ करायला लागले, ती एकेक नाव वाचत होती. शेवटी तो लांब आवाज आला तेव्हा मलाच हायसं वाटलं.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली नि म्हणाली, "अगं, मी एकच नाव ठरवून आले होते. बाकीची तीन माणसं कोण आहेत हे मी घरी बघितलंच नाही. एका ठिकाणी नोटा दाबलं."

पुढे त्याच पावसाळ्यात सोसायटीसमोरचं ड्रेनेज तुंबलं. आत्याने वहीत चारही नगरसेवकांचे नंबर लिहून घेतले नि फोन लावले. एक म्हणाले तो भाग माझ्याकडे नाही, दुसऱ्यांनी तिसऱ्यांचं नाव सांगितलं, एकांनी उचललाच नाही. जेटिंगची गाडी (पाण्याच्या जोराने ड्रेनेज साफ करणारी) शेवटी आणली ती ज्या बाईंना आत्याने मतच दिलं नव्हतं त्यांनी. आत्याने वहीत त्यांच्या नावापुढे तारीख लिहून ठेवली. वही अजून आहे.

म्हणूनच मला ही चौघांची पद्धत पटत नाही. मुंबईत बघा, 227 वॉर्ड, 227 नगरसेवक, एका वॉर्डाला एक माणूस, धरायचं तर त्यालाच धरायचं. आपल्याकडे 2002 ला तिघांचा प्रभाग, 2007 ला एकाचा, 2012 ला दोघांचा, 2017 पासून चौघांचा, लोकांनी लक्षात तरी काय ठेवायचं? आणि ते फ्लेक्स! चौकात सिग्नल दिसत नाही, फुटपाथवर बांबू, वाढदिवसाचे, सणाचे, अभिनंदनाचे. शाळेत जाणारी पोरं त्यांच्यामुळे रस्त्यावरून चालतात, मला याचा फार राग येतो, आणि उमेदवार दारात आले की मी पहिला प्रश्न हाच विचारते.

असो. पन्नास टक्के जागा बायकांच्या आहेत, तेव्हा दारात नवरा किंवा दीर प्रचाराला आला तर सांगा, ताईंना पाठवा, आम्हाला त्यांच्याशीच बोलायचंय. पाणी किती वाजता येणार, कचऱ्याची गाडी रोज का येत नाही, हे त्यांनाच विचारा. आणि परत सांगते, चार मतं. चारही नावं घरीच ठरवा, कागदावर अ ब क ड लिहून बघून ठेवा, आत गेल्यावर घाई करू नका, लांब आवाज आल्याशिवाय बाहेर येऊ नका.

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. आत्या आता एक्याऐंशीची आहे, गुडघे दुखतात, पण परवाच फोन करून म्हणाली, तीन नावं ठरली, ड चं अजून ठरत नाहीये, संक्रांतीला तिळगूळ घेऊन ये, तेव्हा बसून बघू. गुरुवारी सात वाजता रिक्षा घेऊन मी तिच्या दारात असणार आहे.