आधी टेप, मग शॉकअप

(दादरला दुचाकीस्वारांच्या एका मंडळात पावसाळ्याच्या तोंडावर दिलेलं व्याख्यान, बोलताना आलेली पुनरुक्ती काढून.)

मुंबईत गुळगुळीत म्हणावेत असे तीन रस्ते आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड आणि अटल सेतू. तिन्हींवर दुचाकीला बंदी. पुण्याला निघालात तर एक्सप्रेसवेवरही बंदी. तेव्हा आपल्या वाट्याला जे उरतं त्याच्याबद्दलच आज बोलू. उचकटलेले पेव्हर ब्लॉक, केबलसाठी खणून कसेबसे बुजवलेले चर, काँक्रीटचे सांधे आणि काल नव्हता तिथे आज उगवलेला गतिरोधक.

लालबागला माझं लहानसं गॅरेज आहे. मे महिना सरत आला की पोरं येतात. "काका, गाडी फार आदळते. कुठला शॉकअप टाकू?" मी विचारतो, "तुझं वजन किती?" पोरगं बुचकळ्यात पडतं. शॉकअपचा आणि वजनाचा काय संबंध? बरोबर एखादी मुलगी असेल तर तर विचारूच नका. पण मंडळी, सगळा विषय तिथेच आहे.

मीही याच चुकीतून शिकलो. पंधराएक वर्षांपूर्वी हौसेने मागे महागडे शॉकअप बसवले. चकचकीत, बाजूला गॅसची डबी, जाडजूड स्प्रिंग. शनिवारी अलिबागला गेलो आणि रविवारी परत आलो तो थेट जमिनीवर आडवा. बायको शेक द्यायला बसली. सोमवारी डोकं शांत झाल्यावर मोजमाप केलं. माझं वजन तेव्हा 58 किलो, आणि ती स्प्रिंग नव्वदच्या पुढच्या माणसासाठी होती. माल उत्तम होता, फक्त माझा नव्हता.

सस्पेन्शन बुडाला सुख देण्यासाठी असतं असं आपण धरून चालतो. त्याचं पहिलं काम चाक रस्त्याला चिकटवून ठेवणं. चाक हवेत असेल तोपर्यंत ब्रेक नाही, पकड नाही, वळणही नाही. आता खड्ड्याचा विचार करा. उंचवट्यावर चाक वर जातं हे सगळ्यांना दिसतं. खड्ड्यात मात्र चाकाला खाली जायचं असतं. खाली जायला जागा कुठून येणार? गाडी तुमच्या वजनाने आधी थोडी बसलेली असेल तरच. ती जेवढी बसली, तेवढंच चाक खड्ड्यात उतरू शकतं. या बसण्याला इंग्रजीत सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी ढोबळ हिशेब असा, की चाक वर-खाली जेवढं हलू शकतं त्या एकूण अंतराच्या, म्हणजे चालीच्या, पाव ते एक तृतीयांश गाडी बसलेली हवी. मागच्या चाकाची चाल 110 मिलीमीटर असेल तर 28 ते 36. माझे ते महागडे शॉकअप 14 मिलीमीटर बसत होते. म्हणजे 14 पेक्षा खोल प्रत्येक खड्ड्यावर चाक लोंबकळत राहायचं आणि मग पलीकडच्या काठावर जाऊन आदळायचं. अलिबागच्या रस्त्यावर असे काठ किती, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मोजायचं कसं, तर एक मेटल टेप आणि दोन माणसं पुरतात. मेन स्टँड असेल तर गाडी त्यावर घ्या, मागचं चाक हवेत जाईल. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या कव्हरवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. ॲक्सल ते पट्टी, हे पहिलं माप. मग गाडी खाली घ्या, नुसती सरळ उभी धरा, दोनदा दाबून सोडा आणि दुसरं माप घ्या. आता तुम्ही बसा. हेल्मेट, बॅग, पावसाळा असेल तर रेनकोटसुद्धा, जसे रोज निघता तसे. पाय फूटरेस्टवर. एकाने समोरून हँडल धरायचं, दुसऱ्याने तिसरं माप घ्यायचं. पहिल्यातून तिसरं वजा केलं की तुमच्यासकट गाडी किती बसते ते आलं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते.

यातला दुसरा आकडा लोक सोडून देतात, आणि खरी मेख त्यातच आहे.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले, वजन 92 किलो. मागचा शॉकअप तळाला टेकतो म्हणून हुकवाल्या पान्याने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच आवळून ठेवणं, पार शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवलेला. मोजलं. नुसती गाडी 2 मिलीमीटर बसली, ते बसल्यावर 48. प्रीलोड आवळून आवळून स्प्रिंग कडक होते अशी त्यांची समजूत होती. अर्ध्या मुंबईची तीच समजूत आहे, आणि बरेच मेकॅनिकही त्यात आले. असं समजा, एक स्प्रिंग आहे जी दर किलोला एक मिलीमीटर दबते. तुम्ही ती आधीच 10 मिलीमीटर आवळून ठेवलीत. पहिले 10 किलो ठेवलेत तर ती जागची हलणार नाही. अकराव्या किलोला मात्र ती पुन्हा एकच मिलीमीटर दबणार, बाराव्याला आणखी एक. स्प्रिंग होती तेवढीच मऊ राहिली. प्रीलोडने गाडी वर उचलली जाते, स्प्रिंगचा कडकपणा तसूभरही बदलत नाही. मग हे माप काय सांगतं? नुसती गाडी जेमतेम बसते आणि माणूस बसल्यावर खूप बसते, याचा अर्थ स्प्रिंग मऊ आहे, बदला. माणूस बसल्यावरचा आकडा बरोबर आला, पण नुसती गाडीच भरपूर बसते, तर स्प्रिंग कडक आहे. त्या गृहस्थांना नवा शॉकअप नको होता. कडक स्प्रिंग हवी होती.

मागे कोणी बसत असेल तर त्याचाही हिशेब करा. मागच्या माणसाचं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर येतं. सोमवार ते शुक्रवार एकटे बीकेसीला आणि रविवारी सगळं कुटुंब घेऊन डोंबिवलीला, असं असेल तर प्रीलोडच्या खाचा त्यासाठीच दिल्यात. शनिवारी रात्री पाना फिरवायला दोन मिनिटं लागतात. कोणी फिरवत नाही ही गोष्ट वेगळी.

आता पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण मागचे शॉकअप दिसतात म्हणून लोक बदलतात आणि फोर्कच्या आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही. 1935 साली बीएमडब्ल्यूने आर 12 गाडीला तेल भरलेला टेलिस्कोपिक फोर्क दिला, आणि तत्त्व म्हणाल तर तुमच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत आजही तेच आहे. नळीत नळी, आत स्प्रिंग, तेल आणि भोकं पाडलेला एक दांडा. स्प्रिंग धक्का साठवते आणि उसना घेतल्यासारखा परत करते. तो परत करणं आवरायचं काम तेलाचं. तेल भोकांतून ढकललं जातं, धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते. तेल नसतं तर एका गतिरोधकानंतर पुढच्या सिग्नलपर्यंत तुम्ही वर-खाली होत गेला असता.

ते तेल बदलायचं असतं हे दहातल्या आठ जणांना माहीतच नसतं. परवा एक सात वर्षांची गाडी खोलली. फोर्कच्या एका पायातून जे निघालं त्याला तेल म्हणायला जीभ रेटत नव्हती. राखाडी, त्यात बुश, म्हणजे नळ्यांमधल्या घासणाऱ्या बांगड्या, झिजून आलेली चंदेरी चमक, आणि वास असा की बाकाखाली झोपलेलं मांजर उठून बाहेर गेलं. दुसऱ्या पायातून त्याच्या निम्मंच निघालं, कारण ऑइल सील गेलं होतं. या मालकाने माझ्याकडे दुसऱ्या गाडीचा उलटा, म्हणजे जाड नळी वर असलेला, फोर्क बसवून मागितला होता. नवं तेल, सील, बुश घातले आणि कोन सेट, म्हणजे हँडल फिरतं तिथलं बेअरिंग, बदलला. दोन दिवसांनी फोन आला, "काका, गाडी नवी केलीत." मी गाडी नवी केली नव्हती, जुनी होती तशी केली होती.

घरी फोर्क खोलणार असाल तर एक सांभाळा. पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं हवं, आणि वरचा बोल्ट शेवटच्या आट्याला आला की तळहात त्यावर दाबून ठेवा. आतली स्प्रिंग आवळलेली असते, बोल्ट उडतो. माझ्या एका पोऱ्याने तो कपाळावर झेललाय. तेल किती घालायचं ते मॅन्युअलमध्ये मिलीलीटरमध्ये दिलेलं असतं, पण शेवटी पट्टीने मोजा. जिथे कंपनीने तशी पद्धत दिलीय तिथे स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर बघायचं. वर जी हवा उरते तीही शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगचं काम करते. हवा कमी ठेवली की फोर्क तळाला टेकत नाही, फार कमी ठेवली की सील उडतं.

"जाड तेल घाला" असंही सांगणारे असतात. होळीची पिचकारी आठवा. दट्ट्या हळू दाबला तर पाणी आरामात निघतं. तीच एकदम जोरात दाबून बघा, अंगठा दुखतो. साध्या भोकातून वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो. तुमच्या फोर्कचं दुखणं नेमकं हेच आहे. ब्रेक मारताना तो सावकाश दबतो, तेव्हा विरोध नसल्यासारखा आणि गाडी नाक खुपसते. पेव्हर ब्लॉकच्या धारेवर तो झटक्यात दबतो, तेव्हा आत तेल तुंबतं आणि धक्का थेट मनगटात. जाड तेल घातलंत तर नाक खुपसणं थोडं कमी होईल, मनगटाचे हाल दुप्पट होतील. यावर खरा उपाय म्हणजे दांड्यावर बसणारा एक छोटा वाल्व, कार्ट्रिज एम्युलेटर म्हणतात त्याला. हळू दबताना तो तेल अडवतो, झटका आला की उघडतो. तो घालताना दांड्याची जुनी भोकं मोठी करावी लागतात. आपल्या फोर्कच्या मापाचा मिळतो का ते बघूनच पैसे काढा. आणि तेलाच्या डब्यावर जाडीचा आकडा म्हणून 10 डब्ल्यू लिहिलेलं असलं तरी दोन कंपन्यांचं 10 डब्ल्यू एकसारखं नसतं, तेव्हा दोन डबे एकत्र ओतू नका.

सील गळतंय म्हणून लगेच बदलायला धावू नका. कधी कधी नुसती माती अडकलेली असते. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा हुकासारखा तुकडा कापा, धूळ-सील खाली सरकवा, तुकडा सीलच्या ओठात घालून गोल फिरवा. माती बाहेर येते, गळती थांबते. समुद्राच्या हवेने नळीच्या क्रोमवर गंजाचे टिपके पडले असतील तर मात्र उपयोग नाही. ते टिपके कानशीसारखे नवं सीलही खातात.

मागे दोनाऐवजी एकच शॉकअप, म्हणजे मोनोशॉक, कुठून आला, हा प्रश्न मला दर बैठकीत कोणीतरी विचारतंच. बेल्जियमचे ल्युसिएन टिल्केन्स नावाचे अभियंते होते, त्यांची कल्पना यामाहाने घेतली आणि 1973 मध्ये हाकन अँडरसनने त्या गाडीवर 250 सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं. तिथे चाकाची चाल वाढवायची होती. तुमच्या माझ्या गाडीत मोनोशॉक आहे म्हणून ती आपोआप चांगली ठरत नाही. दोन चांगले शॉकअप एका वाईटाला केव्हाही भारी.

नवा घ्यायचाच झाला तर चार गोष्टी विचारा. स्प्रिंग माझ्या वजनाची मिळेल का. खोलून सर्व्हिस होतो का, की सील झालेला आहे आणि गेला की भंगारात. रीबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत येण्याचा वेग, कमी-जास्त करता येतो का. आणि लांबी मूळ शॉकअपइतकीच आहे का. डबीत नायट्रोजन असतो तो शोभेचा नव्हे. लांबच्या खराब रस्त्यावर तेल तापून फेसाळतं, फेस भोकातून विरोध न करता निघून जातो, आणि गॅसचा दाब ते फेसाळणं रोखतो. घर ते ऑफिस तेवीस मिनिटांच्या वाटेवर तुमचं तेल तेवढं तापणारच नाही.

लांबीबद्दल विचारा म्हटलं, कारण हल्ली मागून गाडी उंच करायची फॅशन आहे. मागची बाजू उचलली की पुढचा फोर्क उभट होतो, गाडी पटकन वळते खरी, पण सरळ रस्त्यावर हँडल चळवळ करायला लागतं. चेनचा ताण बदलतो, साईड स्टँड तोकडा पडतो. आणि दुसऱ्या गाडीचा आख्खा फोर्क आणून ठोकायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तुम्हाला हवं ते मिळेल, ते माहीत आहे मला. मिळतं म्हणून आणायचं नसतं.

मघाशी मागून कोणीतरी विचारलं की सगळ्यात आधी काय करू. टायरची हवा बघा. थंड टायरवर, पंपावरच्या पोराच्या अंदाजाने नव्हे, स्वतःच्या गेजने. टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे, आणि त्यात 45 पीएसआय हवा भरून आलेला माणूस शॉकअप कडक आहेत म्हणून माझ्याशी भांडून गेलाय. मग मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश हलवून बघा, कोन सेट बघा. मग फोर्कचं तेल. मग सॅग. एवढं करून काही उरलं तर खरेदी.

बाकीचं खाली पार्किंगमध्ये दाखवतो, इथे बसून कळणार नाही. टेप आणि चिकटपट्टी आणलीय. ती निळी गाडी कोणाची आहे, जिची मागची बाजू आकाशात गेलीय? तुमची? चला, तुमच्यापासूनच सुरू करू. बॅग पाठीला असू द्या. आणि वजन खरं सांगा.