संत्र्याचा ताण आणि बदललेला डिसेंबर

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘बदलत्या हवामानाशी वनस्पती कशा जुळवून घेतात’. विषय हत्तीएवढा, वेळ पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं हारतुऱ्यांत गेली. म्हणून सुरुवात संत्र्यापासून करतो. नागपुरात बसून दुसऱ्या कुठल्या झाडापासून केली, तर काटोल-नरखेडची संत्रेवाली मंडळी उठून जातील आणि वरुड-मोर्शीची त्यांच्या आधी.

त्याआधी एक तक्रार. ‘ताण’ हा शब्द हल्ली बिघडला आहे. ताण म्हटलं की शहरातल्या माणसाला रक्तदाबाची गोळी आठवते. वनस्पतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातही ताणाचं प्रकरण रोगराईच्या शेजारी बसवलेलं असतं: अवर्षण, क्षार, उष्णता, सगळी संकटं एका रांगेत. आपला बगीचेवाला मात्र डिसेंबरअखेर एकमेकांना विचारतो, “बसला का ताण?” आणि उत्तर “बसला” असं आलं तर चहा सांगतो. पुस्तकातला ताण झाडावर येतो. आपल्याकडचा ताण, म्हणजे फुलासाठी काही दिवस झाडाचं पाणी तोडणं, दिला जातो, बसतो, तुटतो आणि मोडतो. चार क्रियापदं आहेत, आणि चारही वेळेला बगीच्यात वेगळं काहीतरी घडत असतं. एवढी बारकाई ज्या बोलीत आहे, तिच्यातल्या माणसाला ताण म्हणजे काय हे बाहेरून शिकवायला जाऊ नये.

आता आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलांचा, ताण नीट पाहू. संत्र्याला बाराही महिने पाणी, खत मिळत राहिलं, तर झाड पाला वाढवत बसतं. फुलं येतात, पण चार इथे, दोन तिथे, वर्षभर सांडल्यासारखी. एकदम बहार हवा असेल तर आधी वाढ थांबवावी लागते. डिसेंबरच्या सुरुवातीला ओलीत, म्हणजे पाणी देणं, बंद करायचं. किती दिवस, हे जमीन ठरवते. हलक्या, मुरमाड जमिनीत तीन ते चार आठवडे पुरतात, मध्यम जमिनीत 30 ते 45 दिवस, भारी काळ्या जमिनीत 50 ते 60. संत्र्याची अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात, त्यामुळे खाली पाच फुटांवर ओल आहे की नाही यापेक्षा हा फूटभर थर किती लवकर सुकतो, ते महत्त्वाचं.

झाडाच्या आत काय होतं? मुळांना पाणी कमी पडलं की अबसिसिक आम्ल, म्हणजे झाडाचं धोक्याची सूचना देणारं संप्रेरक, वाढतं. पानांची रंध्रं अर्धवट मिटतात, शेंडे वाढायचे थांबतात. पण पान काम पूर्ण बंद करत नाही. पिष्ट तयार होतच राहतं आणि खर्च करणारी कोवळी फूट नसल्यामुळे ते डहाळ्यांत साठतं. याच काळात डोळा, म्हणजे डहाळीवरचा कोंब, फुलाचा व्हायचा की पाल्याचा, हे ठरतं. त्याला थंडीची मदत होते. तापमान 20 अंशांच्या खाली राहिलं की लिंबूवर्गीय झाडात फुलाचा निरोप पोचवणारं जनुक जास्त काम करायला लागतं, आणि कोरडेपणानेही तेच होतं. म्हणजे आंबियाला दोन साक्षीदार मिळतात, थंडी आणि कोरडेपणा. मृगाचा, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या बहाराचा, ताण आपण मे महिन्यात देतो. तिथे थंडीचा प्रश्नच नाही, सगळी भिस्त कोरड्या मातीवर आणि जूनच्या पावसावर. मृग बहार लहरी का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. तरीही ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही त्याने मृगच घ्यावा. दहा वर्षांच्या झाडाला मे महिन्यात दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी लागतं, आणि आंबियाची फळं त्याच वेळी झाडावर असतात.

ताण बसला हे ओळखायचं कसं? पानाची चकाकी जाते, हिरवा रंग फिका पडतो, दुपारी पान वळतं. झाडाच्या आतल्या भागातली जुनी पानं आधी गळतात. चौथा हिस्सा पानं गळली की पुरे. इथेच लोक चुकतात. “अजून आठ दिवस ओढू, फूल जास्त येईल,” असा हिशेब करतात. पहाटे, ऊन लागायच्या आधी, बगीच्यात जाऊन पान हातात घ्या. दुपारी वळलेलं पान रात्रीत सावरून सरळ झालं असेल, तर झाड अजून तग धरून आहे. पहाटेही ते वळलेलंच असेल आणि डहाळीचं टोक नखाने खरडल्यावर आत हिरवं न दिसता तपकिरी दिसलं, तर गाडी पुढे गेली. त्या डहाळीवर बहार नाही, पुढच्या वर्षी तिथे सल, म्हणजे वाळलेली फांदी, काढायची आहे. फुलासाठी पाठवलेला साठा झाड मग जीव वाचवायला वापरतं.

भारी जमिनीत उलटी अडचण, ताण बसतच नाही. माती ओल सोडत नाही. मग क्लोरमेक्वाट क्लोराईडची फवारणी, 50 टक्क्यांचं औषध लिटरला 2 मिली. हे औषध झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, तयार होऊ देत नाही, म्हणून शेंडा थांबतो. आणि आता ऐका, दुकानात हमखास होणारा घोटाळा. तेच जिबरेलिन आपण पुढे फळगळ थांबवायला विकत आणतो, 100 लिटर पाण्यात दीड ग्रॅम आणि सोबत किलोभर युरिया. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात असतात. ताणाच्या काळात कुणी चुकून जिबरेलिन मारलं, तर फुलाकडे वळलेला डोळा पुन्हा पाल्याकडे वळतो. बगीचा महिनाभराने हिरवागार दिसतो, शेजारी कौतुक करतात, आणि कौतुकाखेरीज त्या वर्षी हाती काही लागत नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत महिना लिहून ठेवा. (हशा) हसू नका, घरोघरी जाऊन कपाटं बघा.

ताण मोडायचा तोही बेताने. वखराची हलकी पाळी, खत, मग आळ्यात पहिलं पाणी हलकं. चार-सहा दिवसांनी दुसरं मध्यम, त्यानंतर भरपूर. ताणात बारीक मुळं मेलेली असतात, आळं तुडुंब भरलं तर ते पाणी प्यायला कोणीच नसतं. भारी जमिनीत मुळं गुदमरतात आणि खोडातून डिंक गाळणाऱ्या डिंक्या रोगाची बुरशी आयतीच वाट बघत असते. खोडाला बोर्डो पेस्ट लावलेली असावी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत. पूर्वी ताणासाठी मुळं उघडी करून ठेवायची पद्धत होती. उथळ जमिनीत ती करू नका, कुदळीने झालेल्या जखमेतून हीच बुरशी शिरते.

जाता जाता सिमेंटच्या रस्त्यांबद्दल बोलतो, कारण या शहरात बोललं नाही तर झोप लागत नाही. बगीच्यात आपण ताण मोजून देतो आणि वेळेवर मोडतो. रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या बुंध्याला खेटून काँक्रीट ओतलं, की तो ताण मोडायची सोय राहत नाही. मुळाला पाणीही नाही आणि हवाही नाही. वादळात असं झाड पडलं की म्हणायचं, झाड जुनं होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता सुरू करतो.

झाडाकडे तीनच वाटा असतात. एक, ताण यायच्या आत आटोपून जाणं. तरोटा पावसात उगवतो, बी टाकतो आणि उन्हाळा बीच्या कवचात काढतो. दोन, ताण अंगाला लागू न देणं. साग पानं टाकून देतो, पळस बिनपानांचा फुलतो, बाभूळ मुळं खोल पाठवते. तीन, ताण लागला तरी सोसणं. ज्वारीचं पान पेशीत विरघळणारे पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतं आणि पाऊस आला की थांबलेलं काम पुन्हा सुरू करतं. बहुतेक झाडं तिन्ही वाटा थोड्या थोड्या वापरतात.

उष्णतेचं वेगळं आहे. पान म्हणजे आपला कूलर समजा. रंध्रातून पाणी उडतं, पान गार राहतं. पाणी तुटलं की रंध्रं मिटतात, म्हणजे पंप बंद, आणि मग पान तापतं. म्हणून कोरडेपणा आणि उष्णता जोडीने आल्या की नुकसान फार वाढतं. नागपूरचा पारा 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांवर गेला होता. (2024 च्या मे महिन्यात एका यंत्राने 56 दाखवले, ते यंत्र बिघडलेलं निघालं. त्या दिवशी आपल्या सगळ्यांचा मात्र त्याच्यावर विश्वास बसला होता.) एवढ्या उन्हात कर्ब पकडणारं विकर चुकून प्राणवायू पकडायला लागतं आणि केलेली कमाई वाया जाते. ज्वारी-मक्याने त्यावर वेगळी व्यवस्था केली आहे, संत्र्याकडे ती नाही.

आता मुद्दा, ज्यासाठी मी आलो. झाडं ताण सोसतात, पण त्यांना ताणाचा क्रम ठरलेला लागतो. थंडी, कोरडेपणा, मग पाणी. डिसेंबरच्या मध्याला अवकाळी पाऊस आला तर झाडाच्या लेखी ताण मोडला. साठा पुरेसा नाही, डोळा अजून ठरलेला नाही, म्हणून नवती, म्हणजे नुसता कोवळा पाला, फुटते. पुढे मृगाचा पाऊस लांबला तर उलटं, ताण गरजेपेक्षा लांबतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याचा पाऊस एका दिवसात पडला, तर काळ्या मातीत पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही आणि फळ गळतं. तिथे दोन ओळींमध्ये उतार धरून चर काढणं, एवढा एकच उपाय वेळेवर करता येतो. पावसाची सरासरी बघून हे कळणार नाही, तारखा बघाव्या लागतात. बगीच्यात एक वही ठेवा: ओलीत कधी तोडलं, किमान तापमान किती, पाऊस किती मिलिमीटर, पानगळ कधी सुरू झाली.

मागून हात वर आहे. ताणावर असताना पाऊस पडला तर काय करायचं, असंच ना? साचलेलं पाणी त्याच दिवशी बाहेर काढा. वाफसा आला की वखर द्या, म्हणजे वरचा थर लवकर सुकेल. क्लोरमेक्वाट लिटरला 2 मिली फवारा आणि पाणी सोडायची तारीख दहा-बारा दिवस पुढे न्या. पण आधी डोळे बघा. ते फुगून फुटायला लागले असतील तर ताण ओढू नका, त्याच आठवड्यात हलकं पाणी द्या.