आधी चिप, मग सुई

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘पाळीव प्राण्यांच्या प्रवासाचे नियम’ असा छापला आहे. त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी आमच्या कुत्रीची, बुंदीची गोष्ट सांगते. ती कळली नाही तर नियम पाठ करून काही उपयोग नाही. मी ते पाठ केले होते आणि तरी सगळं फिसकटलं.

२०२२च्या जुलैत सासवडच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीच्या फळीखाली बुंदी सापडली. चार-पाच आठवड्यांची असेल. पावसाने चिंब, पोट फुगलेलं, एक डोळा चिकटलेला. तिची भावंडं कुठे दिसली नाहीत. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, “न्या ताई, रात्री गाड्या फार असतात इथे.” मी टॉवेलात गुंडाळून घरी आणली. माझा नवरा तेव्हा आधीच इंग्लंडमधल्या लीड्सला गेलेला होता आणि माझं विमान २८ सप्टेंबरचं ठरलेलं होतं. सासूबाईंनी पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हिचं तिकीट काढलंस का?”

तेव्हापासून मी नियम वाचायला लागले. सोप्या अटींवर कुत्री घ्यायच्या देशांची ब्रिटनची एक यादी आहे, तिच्यात भारत नाही. म्हणजे युरोपातून किंवा यादीतल्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला जे चालतं, ते आपल्याकडच्या कुत्र्याला चालत नाही. आपल्याकडून जाणाऱ्याला आधी चिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख-नंबराची बारीक नळी, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त, ते रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिन्यांची वाट. रिपोर्ट आल्यापासून नाही हं, रक्त काढल्यापासून. हे मी वहीत लाल शाईने लिहिलं होतं.

बुंदीला तीन महिने पूर्ण झाले तेव्हा, ३ सप्टेंबरला, एका दवाखान्यात लस दिली. डॉक्टर फार प्रेमळ. चिप त्या दिवशी त्यांच्याकडे शिल्लक नव्हती. “पुढच्या खेपेला टोचू, काय घाई आहे,” असं ते म्हणाले. १७ सप्टेंबरला चिप बसली. पुस्तिकेत लसीचं स्टिकर पुढच्या पानावर आणि चिपचं स्टिकर अगदी मागच्या पानावर, पत्त्याच्या खाली. मी गेले. ऑक्टोबरमध्ये सासऱ्यांनी, अण्णांनी, रक्त काढून घेतलं, नमुना बाहेर पाठवला. रिपोर्ट उत्तम आला. लसीने रक्तात तयार झालेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं दर मिलिलिटरला किमान ०.५ युनिट लागतात, तिचे त्याच्या कितीतरी वर होते. संक्रांतीला बुंदी लीड्समध्ये, असं आम्ही धरून चाललो.

नोव्हेंबरात कागद तयार करणाऱ्या माणसाने पुस्तिका मागवली. पहिलं पान पाहिलं, शेवटचं पान पाहिलं आणि अण्णांना फोन केला. “काका, चिप लसीच्या नंतरची आहे. ही लस धरता येत नाही.” लसच धरायची नाही म्हटल्यावर तिच्यावर उभा असलेला रक्ताचा रिपोर्टही गेला. चौदा दिवसांची चूक, आणि सगळं पहिल्यापासून.

त्या रात्री मी लीड्सच्या स्वयंपाकघरात बसून रडले, हे सांगायला मला संकोच नाही. पिल्लू दर आठवड्याला वाढतं. व्हिडिओ कॉलवर ती मला ओळखत नव्हती. आवाज कुठून येतो म्हणून फोनच्या मागे जाऊन बघायची. मी तिचं सगळं लहानपण एका पानाच्या जागेपायी घालवलं. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, पण त्या पुस्तिकेवर आजही आहे. चिपची जागा शेवटच्या पानावर कोणी ठेवली? जी गोष्ट सगळ्यांत आधी व्हायला हवी, तिचा रकाना सगळ्यांत शेवटी! आपल्याकडच्या प्रत्येक दवाखान्याला मी हात जोडून सांगते: चिप पहिल्या पानावर घ्या.

१५ नोव्हेंबरला पुन्हा लस. १९ डिसेंबरला पुन्हा रक्त. अण्णांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेन्सिलीने दिवस खोडायला सुरुवात केली. डिसेंबर संपला तेव्हा नव्या कालनिर्णयावर मार्चची १९ तारीख आधी गोल करून ठेवली. चिपचा पंधरा आकडी नंबर त्यांना तोंडपाठ झाला होता; सकाळी फिरताना म्हणायचे. सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या लग्नाच्या वेळी एवढ्या तारखा पाहिल्या नव्हत्या.” आणि ज्या बाईंनी पहिल्या दिवशी तिकिटाचं विचारलं होतं, त्या फेब्रुवारीत मला फोनवर म्हणाल्या, “राहू दे की गं इथेच.” त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही.

मार्चमध्ये मी आठवडाभर पुण्याला आले, कारण मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर ती घरची नेआण राहत नाही, व्यापारी आयात समजतात. जंताचं औषध कुत्रं ब्रिटनला पोचण्याच्या किमान २४ आणि जास्तीत जास्त १२० तास आधी, पशुवैद्याच्या हातून. आरोग्य प्रमाणपत्र सहीपासून दहा दिवसांत वापरायचं. २१ मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, आम्ही तिला मुंबईत सहार विमानतळाच्या कार्गोला सोपवलं. ब्रिटनमध्ये विमानाने कुत्रा न्यायचा तर तो मालासारखा कार्गोतूनच जातो, प्रवाशाच्या सामानात नाही. अण्णांनी पिंजऱ्यात आपलं जुनं धोतर घडी करून घातलं होतं. दुसऱ्या दिवशी, पुण्यात गुढी उभी असताना, मी हीथ्रोच्या प्राणी स्वागत केंद्राबाहेर बसले होते. हे केंद्र सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन चालवतं. आत कोणीतरी तिच्या मानेवर रीडर फिरवत असेल, तोच पंधरा आकडी नंबर उमटत असेल, हे मनात सतत चाललं होतं. काही तासांनी ती बाहेर आली. धोतर ओलं होतं. मला तिने वासावरून ओळखलं की धोतराच्या आठवणीने जवळ आली, कोण जाणे.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. या सात-आठ महिन्यांत मी चिडून चिडून एकच प्रश्न विचारत होते: कुत्रं ठणठणीत आहे, रक्त चांगलं आहे, मग थांबायचं कशासाठी? उत्तर विषाणूच्या चालीत आहे. चावल्यावर रेबीजचा विषाणू रक्तात फिरत नाही. तो मज्जातंतूंवरून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर कुत्रं खातं, खेळतं, शेपूट हलवतं. दिसायला धडधाकट असलेल्या जिवंत कुत्र्याच्या अंगात हा विषाणू आहे की नाही हे सांगेल अशी खात्रीची चाचणी नाही. खात्री करायची तर मेंदूच तपासावा लागतो, म्हणजे कुत्रं मेल्यावर. रक्ताची ती चाचणी सांगते की लस लागली. लसीच्या आधीच चावा बसला होता का, हे ती सांगत नाही. ते सांगतो फक्त काळ.

ब्रिटनने हे फार किंमत मोजून शिकलं. १९०२पर्यंत त्यांनी रेबीज हद्दपार केला होता. पहिल्या महायुद्धानंतर, १९१८मध्ये, तो परत आला. सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. १९२२मध्ये पुन्हा गेला. म्हणून बाहेरून आलेलं कुत्रं सहा महिने पिंजऱ्यात ठेवायचं. १९६९मध्ये जर्मनीहून आणलेला फ्रिट्झ नावाचा कुत्रा सहा महिने पुरे करून घरी गेला आणि काही दिवसांतच इंग्लंडमधल्या कॅम्बर्लीत पिसाळला. आजूबाजूच्या जंगलातली जनावरं मारावी लागली. पुढे पिंजरा हवा की नको ही चर्चा तीस वर्षं चालली. २८ फेब्रुवारी २००० रोजी नवी योजना आली: चिप, लस, रक्त, आणि रक्त काढल्यापासून सहा महिने. लोक म्हणाले, विलगीकरण गेलं. मला तसं वाटत नाही. सहा महिने तेच होते. ते पिंजऱ्यातून उठून कुत्र्याच्या स्वतःच्या घरात आले. भारतासारख्या देशांतल्या कुत्र्यांना तर तेव्हाही पिंजराच होता. २०१२च्या १ जानेवारीला आपल्यालाही रक्ताचा मार्ग मोकळा झाला, आणि थांबायचे दिवस तीन महिन्यांवर आले. अण्णांचं कालनिर्णय म्हणजे बुंदीचं विलगीकरण केंद्र होतं, फक्त त्यात पिंजऱ्याऐवजी सासूबाईंची मांडी होती. मला हे कळलं तेव्हा माझी चिडचिड थांबली.

बारा आठवड्यांच्या आधी लस का नाही, हेही असंच. ज्याचा आपण खरवस करतो ना, तो चीक. कुत्रीलाही पहिल्या दिवसांत चीक येतो. त्यातून आईची प्रतिपिंडं पिल्लात जातात आणि त्याला सांभाळतात. पण तीच प्रतिपिंडं लवकर दिलेल्या लसीला आतल्या आत निकामी करून टाकतात. ती ओसरेपर्यंत थांबायचं. म्हणून हा आकडा कोणी कचेरीत बसून ठरवलेला नाही, तो चिकातून आलाय.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली आहेत. उरलेलं भरभर सांगते.

पहिलं. हिशेब करा. यादीतल्या देशातून ब्रिटनला: बारा आठवडे, लस, वर २१ दिवस, म्हणजे पंधरा आठवड्यांखालचं पिल्लू नियमाने येऊच शकत नाही. भारतातून: बारा आठवडे, तीस दिवस, तीन महिने, म्हणजे सात महिने. तेव्हा कोणी तिकडच्या तुमच्या मुलांना ‘परदेशातून आठ आठवड्यांचं गोंडस पिल्लू, सगळे कागद तयार’ असं सांगितलं, तर त्या कागदांवरची जन्मतारीख खोटी आहे. २०१२मध्ये मोरोक्कोतून स्पेनमार्गे ॲमस्टरडॅमला असंच एक तान्हं पिल्लू नेलं गेलं. त्याला रेबीज निघाला आणि त्याला हाताळलेल्या कितीतरी लोकांना इंजेक्शनं घ्यावी लागली. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४पासून सहा महिन्यांखालचा कुत्रा घेणंच बंद केलंय. भारत त्यांच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे, त्यामुळे आपल्याकडे लस दिलेल्या कुत्र्यांना वर आणखी अटी आहेत. तिकडची जाहिरात पाहून कोणी पिल्लू मागवत असेल, तर कृपा करून आज रात्री फोन करा.

दुसरं, उलटी वाट. परदेशातून घरी परतताना कुत्रा आणायचा असेल तर विलगीकरण केंद्राची ना-हरकत आधी घ्यावी लागते. मुंबईत ते केंद्र आहे. २०१६मध्ये सरकारने पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी कुत्र्यांची आयात बंद केली होती. ती चांगली गोष्ट झाली. बर्फातली कुत्री आपल्या मे महिन्यात धापा टाकत मरताना मी पाहिली आहेत.

तिसरं, आणि यासाठीच खरं तर मला आणखी अर्धा तास हवा होता. आपण ब्रिटनच्या त्या यादीत नाही, कारण जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्याकडे होतात. ही यादी विमानतळावर बदलणार नाही, गल्लीत बदलेल. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेच्या लोकांनी जाळी घेऊन वाड्यावाड्यांत फिरून कुत्र्यांना लसी दिल्या, शाळांत मुलांना शिकवलं. १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हे जगभर मानलेलं प्रमाण आहे. २०२१मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. शेजारी आहे तो आपला. सासवडच्या रस्त्यावरच्या त्या टपरीखाली पुढच्या पावसाळ्यातही पिल्लं असणार आहेत. तिथल्या मावशींशी मी बोलून आले आहे; जूनमध्ये लस देणारी गाडी त्या रस्त्याने न्यायची आहे, आणि मला पिल्लं धरून ठेवणारी चार माणसं हवी आहेत. नावं दाराजवळच्या वहीत लिहा.

ज्यांनी लसीच्या पुस्तिका बरोबर आणल्या आहेत त्यांनी खाली थांबा. मी तारखा बघून देते. आधी शेवटचं पान उघडून ठेवा.