द्राक्षबागेचे पाणी आणि ओळींमधली माती

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

तासगाव, कवठेमहांकाळ, जत या सांगलीच्या पूर्व भागात किंवा सोलापूरच्या नान्नज परिसरात जो द्राक्षबाग उभी करतो, त्याला एक विसंगती लवकरच कळते. वेलीला सर्वाधिक पाणी दोन वेळा लागते: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नवी काडी तयार करण्यासाठीची छाटणी) नवी फूट वाढताना, आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर (घड घेण्यासाठीची छाटणी) फूट वाढताना व पुढे मणी फुगताना. या दोन्ही काळांत पावसाचा भरवसा नसतो. उलट जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पडतो, तेव्हा काडी, म्हणजे पुढे घड देणारी फांदी, पक्व होत असते आणि वेलीचे थोडक्या पाण्यावर भागते. म्हणजे आपला पाऊस वेलीला थेट फारसा उपयोगी पडत नाही. तो कुठेतरी साठवावा लागतो.

स्पेनच्या ला मांचा प्रदेशातील जुन्या कोरडवाहू बागांचे गणित वेगळे आहे. तिथे पाऊस मुख्यतः शरद ऋतूपासून वसंतापर्यंत पडतो, त्यातला बराच काळ वेल पानगळ होऊन सुप्तावस्थेत असते, आणि जमिनीत मुरलेल्या त्याच ओलीवर ती पुढचा कोरडा उन्हाळा काढते. त्यासाठी बुटक्या, झुडपासारख्या वेली दोन्ही बाजूंनी सुमारे अडीच मीटर अंतर ठेवून लावतात. कॅनरी बेटांपैकी लांझारोते बेटावर तर वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस होतो. तेथे 1730 ते 1736 या काळात ज्वालामुखीचे उद्रेक होऊन शेतजमीन राखेखाली गाडली गेली. लोकांनी त्या राखेत खोल खड्डे घेऊन वेलीची मुळे खालच्या जुन्या मातीपर्यंत पोहोचवली आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धवर्तुळाकार ताल रचली. वरच्या राखेचा थर आच्छादनाचे काम करतो.

वर्षातून दोनदा छाटणी आणि एकदा पीक ही आपली पद्धत अशा कोरडवाहू शेतीत बसणार नाही, हे मान्यच आहे. परंतु ज्याच्याकडे पाइप नव्हता, त्याला माती हीच पाण्याची टाकी मानावी लागली. ठिबक हाताशी आल्यापासून आपण मात्र त्या टाकीकडे पाहणेच सोडले, असे माझे मत आहे.

ठिबकाविषयी गैरसमज नको. त्याने पाणी वाचते. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग लावली, तर भूजलाच्या हिशोबात काही वाचत नाही. स्पेनमध्ये 1996 पर्यंत द्राक्षबागांना पाणी देण्यावर कायद्याने बंधन होते. ते उठल्यावर ला मांचात ठिबक झपाट्याने पसरले, आणि आधीच खालावलेल्या तिथल्या भूजलावरचा भार हलका झाला नाही. त्याच ला मांचातील दाइमिएलच्या प्रसिद्ध पाणथळीवर भूजल उपशाने इतकी वाईट वेळ आली की 2009 साली तिच्या कोरड्या पडलेल्या तळातील वनस्पतिजन्य थर आतून जळू लागला. बोअरचे पाणी उपसून शेततळ्यात उन्हाखाली भरून ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे उदाहरण दूरचे मानू नये.

आता प्रत्यक्ष मात्रेकडे येऊ. पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीनुसार वाढीच्या अवस्थेत दर एक मिलिमीटर बाष्पीभवनामागे हेक्टरी 4200 लिटर पाणी लागते. सूक्ष्म घडनिर्मितीच्या (डोळ्याच्या आत पुढचा घड तयार होण्याच्या) आणि काडी पक्वतेच्या अवस्थेत मात्र 1400 लिटर पुरते. एप्रिलमध्ये दिवसाचे बाष्पीभवन 10 मिलिमीटर असेल, तर दिवसाला एकरी सुमारे 17,000 लिटर झाले. पुढे घडनिर्मितीच्या काळात ते 6 मिलिमीटरवर आले, तर एकरी साधारण 3,400 लिटर पुरेत, आणि पाऊस झाला तर तेवढेही नकोत. असे असताना अनेक बागांत ठिबक दोन्ही अवस्थांत रोज सारखेच तास चालते. घडनिर्मितीच्या काळात जादा पाणी मिळाले की फूट जोमाने पळते, आणि ऑक्टोबरात घडाऐवजी बाळी (नुसता ताणा) निघाली की दोष औषधाला दिला जातो.

मातीची गोष्ट याहून दुर्लक्षित आहे. दोन ओळींमधला पट्टा ट्रॅक्टर आणि ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) फेऱ्यांनी दबतो, तणनाशकाने उघडा राहतो, आणि वळवाचा पहिला जोरदार पाऊस तिथे मुरण्याऐवजी गढूळ होऊन वाहतो. नुकसान इथेच थांबत नाही. बोअरच्या जड पाण्यातील क्षार ठिबकाच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला साचत जातात आणि पानांच्या कडा करपतात. क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणूनच आपण डॉगरिज खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचे कलम करतात ती वेल, स्वीकारला. पण मुळाशी साचलेले क्षार खाली धुऊन नेण्याचे काम पावसाचे गोडे पाणीच करू शकते, आणि तेही मुरले तरच. धूप आणि क्षार हे दोन आजार वाटतात, पण पाणी न मुरणे हे दोन्हींचे सामाईक कारण आहे.

म्हणून बोदावर (वेलींच्या ओळीतील मातीच्या वरंब्यावर) उसाचे पाचट किंवा छाटणीच्या काड्यांचा चुरा पसरावा, आणि पावसाच्या तोंडावर ओळींमध्ये ताग किंवा धैंचा हे हिरवळीचे पीक पेरावे. हिरव्या पट्ट्याने ओल धरते आणि डाऊनी हा बुरशीजन्य रोग वाढतो, अशी शंका शेतकरी घेतात. ती फळछाटणीनंतरच्या दिवसांपुरती खरी आहे. म्हणून ताग फुलोऱ्यावर येताच कापून जागीच पसरावा आणि छाटणीच्या वेळी ओळी मोकळ्या ठेवाव्यात.

आपल्या बागेतून किती माती गेली, हे पाहायला यंत्र लागत नाही. फ्रान्समधील उताराच्या बागांत संशोधकांनी त्यासाठी खुंट आणि वेल जिथे जुळतात त्या कलमाच्या जोडाचाच आधार घेतला: माती वाहून जाते तसा जोड जमिनीपासून अधिक उंच दिसू लागतो. लावणीच्या वेळी जोड जमिनीपासून किती उंचीवर होता हे आपल्याला आठवत असते. बोदावर नंतर घातलेली माती हिशोबातून वगळून एका ओळीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पट्टीने ती उंची आज मोजावी, आणि जिथे ती सर्वाधिक वाढलेली दिसेल, तिथून तागाची पेरणी सुरू करावी.

नमस्कार.