पुसून टाकलेला हंगाम

(मंडळाच्या पाडवा मेळाव्यात झालेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

मंडळाचे अध्यक्ष, ज्येष्ठ मंडळी, मित्रमैत्रिणींनो आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या बाळगोपाळांनो, पाडव्याच्या शुभेच्छा.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. आमच्याकडे कुस्तीइतकंच फुटबॉलचं वेड आहे, हे इथल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगितलं तरी पटत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावं तालमींची, पण शाहू स्टेडियमवर उतरतात ते त्यांचे फुटबॉल संघ. सामना असला की अख्खी पेठ दुपारीच घराबाहेर. खेळाडूही पेठेतलाच, काल रिक्षातून शेजारच्या काकूंना दवाखान्यात सोडून आलेला. त्यामुळे इंग्लंडला येताना माझ्या डोक्यात मँचेस्टर आणि लिव्हरपूल होतं, पण मन रमलं ते ईशान्य इंग्लंडमधल्या आपल्या साऊथ शील्ड्सच्या मैदानावर. त्याचं कारण आज सांगायचं आहे.

इथल्या फुटबॉलची एक उतरंड आहे. सगळ्यात वर प्रीमियर लीग, तिच्याखाली तीन व्यावसायिक विभाग, मिळून 92 क्लब. त्याच्याखाली नॅशनल लीग आणि तिचे उत्तर-दक्षिण विभाग. मग सातव्या पायरीवर प्रादेशिक लीगा सुरू होतात. आपल्या भागाची ती नॉर्दर्न प्रीमियर लीग, 1968 साली सुरू झालेली. इथले बहुतेक खेळाडू अर्धवेळ. दिवसभर शाळेत शिकवायचं, विटा रचायच्या, गोदामात पाळी करायची आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सराव. ऑगस्ट ते एप्रिल 42 सामने. मंगळवारी रात्री स्टॅफर्डला सामना आला, तर जाऊन-येऊन साडेतीनशे मैलांच्या वर प्रवास आणि बुधवारी सकाळी पुन्हा कामावर हजर. या मुलांना मिळणारा पैसा या कष्टांपुढे काहीच नाही. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

साऊथ शील्ड्सचा क्लब म्हणजे मरिनर्स, दर्यावर्दी. मैदान मेट्रोच्या बीड स्टेशनजवळ आहे. बीड! पहिल्यांदा गाडीत घोषणा ऐकली तेव्हा मी दचकून वर पाहिलं होतं. या क्लबवर 2013 साली स्वतःचं मैदान सोडायची वेळ आली. दोन हंगाम त्यांनी घरचे सामने पीटरलीला खेळले, गावापासून वीसेक मैलांवर. बघायला मूठभर माणसं. माझ्या शेजारी उभे राहणारे एक आजोबा आहेत, त्यांनी त्या दोन वर्षांतले बहुतेक सामने पाहिलेत. दोन बसेस बदलून जायचे म्हणे. का जायचात, असं मी विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही.

2015 साली नव्या मालकाने क्लब घेतला, संघ गावात परतला आणि चित्र पालटलं. 2016-17 च्या एकाच हंगामात चार चषक. त्यातला एक, एफए वेस हा छोट्या क्लबांचा चषक, 21 मे 2017 रोजी थेट लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर जिंकला, क्लीथॉर्प्स टाऊनवर 4-0 अशी मात करून. कर्णधार होता हुलिओ आर्का, अर्जेंटिनाचा, एके काळी संडरलंडकडून प्रीमियर लीग खेळलेला. पुढच्याच वर्षी वरच्या पायरीवर आणखी एक बढती, आणि 2018 पासून मरिनर्स नॉर्दर्न प्रीमियरच्या वरच्या विभागात.

आता मूळ गोष्ट, 2019-20 चा हंगाम.

त्या वर्षी माझी मुलगी नऊ वर्षांची होती. तिने एक दोनशे पानी वही केली. डावीकडे तारीख, मध्ये प्रतिस्पर्धी, उजवीकडे निकाल. 42 ओळी आधीच आखून ठेवलेल्या. मॅटलॉक, बक्स्टन, व्हिटबी, स्कारबरो, गेन्सबरो, बॅम्बर ब्रिज ही नावं तिने शाळेच्या भूगोलात कधी वाचली नव्हती. नकाशावर बोट ठेवून ती विचारायची, बाबा, हे कुठे आहे? उत्तर इंग्लंडचा भूगोल आम्ही दोघे त्या वहीतून शिकलो.

हिवाळ्यातला एक शनिवार मला विसरता येत नाही. रात्रभर पाऊस कोसळला होता, समुद्रावरून वारा सुटला होता. सकाळीच क्लबचे स्वयंसेवक, त्यातले निम्मे सत्तरीचे, बागकामाचे काटे घेऊन मैदानात उभे. एका रांगेत पुढे सरकत काटा जमिनीत खुपसायचा, हलवायचा, उपसायचा, पाणी खाली उतरावं म्हणून. मीही एक काटा घेतला. थोड्या वेळाने पंच आले. त्यांनी पेनल्टी बॉक्समध्ये बॉल छातीच्या उंचीवरून सोडला. तो उसळला नाही, पाण्यात थप्पकन बसला. पंचांनी नुसती मान हलवली. सामना पुढे ढकलला. कुणी हुज्जत घातली नाही. काटे धुऊन शेडमध्ये ठेवले आणि सगळे चहाला गेले. हातात चहाचा कागदी पेला घेऊन, बोटं बधिर झालेली असताना, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे गाव माझं आहे. याआधी इथे मी घर घेतलं होतं, कर भरत होतो, मतदान करत होतो, पण तसं वाटलं नव्हतं.

मार्चच्या मध्यावर सगळंच थांबलं तेव्हा मरिनर्स अव्वल होते, दुसऱ्या क्रमांकापेक्षा 12 गुणांनी पुढे. नऊ सामने उरले होते.

त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता, तुम्हाला आठवत असेल. दोन दिवस आधी रात्री टाळेबंदी जाहीर झाली होती, मंडळाचा कार्यक्रम रद्द. आम्ही तिघांनीच खिडकीत गुढी उभारली. कडुलिंब कुठून आणणार, साखरेची गाठी तेवढी डब्यात होती. आणि दुसऱ्या दिवशी, 26 तारखेला, इंग्लंडचं फुटबॉल चालवणाऱ्या फुटबॉल असोसिएशनचा निर्णय आला: तिसरी ते सहावी पायरी (ही मोजणी नॅशनल लीगपासून, म्हणजे वरून सातवी ती इथे तिसरी), म्हणजे आपल्या लीगसारख्या सगळ्या लीगांचा हंगाम संपला. बढती नाही, घसरण नाही, सगळे निकाल पुसून टाकले.

लोक मरत होते, दवाखाने भरत होते, तेव्हा फुटबॉलचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. आपल्यातले किती जण तेव्हा इस्पितळात पाळ्या करत होते, हे मला ठाऊक आहे. खेळ थांबवायलाच हवा होता. पण थांबवणं वेगळं आणि झालेलं नाही म्हणणं वेगळं. वरच्या पायऱ्यांवर वेगळा न्याय लागला. नॅशनल लीगमध्ये दर सामन्यामागचे गुण काढून बढती दिली गेली, प्रीमियर लीगने तर जुलैपर्यंत उरलेले सामने खेळून हंगाम पूर्ण केला. खालच्यांचं मात्र पाटी पुसावी तसं पुसलं. जर्सी बेटाच्या जर्सी बुल्स संघाने त्या हंगामात लीगमधले 27 पैकी 27 सामने जिंकले होते, त्यांची बढती पक्की झाली होती, तीही गेली. साठहून जास्त क्लबांनी मिळून फेरविचाराचं पत्र लिहिलं. साऊथ शील्ड्सने लवादाकडे दाद मागितली. जूनमध्ये ती फेटाळली गेली. मला तो निर्णय तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही.

मुलीने विचारलं, बाबा, मग मी वहीतलं खोडू का?

मी लगेच नाही म्हणालो. पण का नाही, ते तिला समजावता आलं नाही. मैदानावरच्या त्या आजोबांना फोन लावला. ते एकटे राहतात, पंधरवड्यातून दोनदा मैदानावर भेटणारी माणसं हाच त्यांचा गोतावळा. ते म्हणाले, सांग तिला, मी तिथे होतो. बस, एवढंच.

2020-21 चा हंगामही महामारीमुळे अर्ध्यातच संपला. त्यापुढच्या वर्षी बढतीने पुन्हा हुलकावणी दिली. अखेर 2022-23 मध्ये, केव्हिन फिलिप्स प्रशिक्षक असताना, मरिनर्स लीगचे विजेते झाले आणि नॅशनल लीग नॉर्थमध्ये गेले. पुढे प्रशिक्षकपदावर आला तो वेम्बलीवरचा कर्णधार, हुलिओ आर्का. तीन वर्षांपूर्वीच्या संघातले किती जण एव्हाना दुसरीकडे गेले होते. अर्धवेळ खेळाडूची उमेदीची वर्षं फार थोडी असतात, आणि त्यांच्या हातातोंडाशी आलेला तो चषक कुणी परत दिला नाही. मुलीने त्या वर्षी नवी वही केली होती. जुनीही जपून ठेवली आहे, 33 ओळी भरलेल्या, नऊ कोऱ्या.

अध्यक्षांनी मघाशी विचारलं की नवीन आलेल्या कुटुंबांसाठी मंडळाने काय करावं. माझ्याकडे एक साधी गोष्ट आहे. येत्या शनिवारी घरचा सामना आहे, तीन वाजता. ज्यांना यायचं असेल त्यांनी दोनला बीड स्टेशनच्या फलाटावर भेटा. गरम कपडे घाला, वारा बोचतो. आजोबांना मी सांगून ठेवलंय की या वेळी आम्ही बरेच जण असू, आणि त्यांनी चहाच्या खिडकीवर दूध जास्त मागवायला सांगितलंय.