चार वाट्यांतली एक

मंडळी, टेबलावर 80 चिंचोके आहेत, प्रत्येकावर एक आकडा. शेजारी चार रिकाम्या वाट्या. आता मी चिंचोके मिसळून न बघता एकेका वाटीत टाकत जातो, प्रत्येकीत 20 होईपर्यंत. मग चारांतली एक वाटी तुम्ही निवडायची. तिच्यातले 20 आकडे ते आजचे ‘लागलेले’. आज कॅसिनोत ज्याला ‘केनो’ म्हणतात त्या जुगाराचा पूर्वज, चिनी ‘पांढऱ्या कबुतराची चिठ्ठी’ हा लॉटरीचा खेळ, याच रीतीने चाले. निकाल गावोगावी कबुतरं पोचवत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

तिथे आकडे नव्हते, अक्षरं होती. चीनमध्ये मुलांना अक्षरओळख करून देणारी हजार अक्षरांची एक कविता आहे, एकही अक्षर पुन्हा न येणारी. तिची पहिली 80 अक्षरं चिठ्ठीवर छापत आणि खेळणारा शाईच्या कुंचल्याने आपली अक्षरं भरून टाकी. बहुधा दहा. या खेळाच्या कमाईतून चीनची प्रचंड भिंत उभी राहिली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती सोडून द्या. कविता सहाव्या शतकातली, आणि भिंतीचं काम त्याच्या सात-आठशे वर्षं आधी सुरू झालेलं.

एकोणिसाव्या शतकात चिनी मजूर अमेरिकेत रेल्वेच्या, खाणींच्या कामावर गेले, त्यांच्याबरोबर हा खेळही गेला. तिथल्या नेव्हाडा राज्यात 1931 साली जुगार कायदेशीर झाला, पण लॉटरीला बंदी कायम होती. मग 1936 मध्ये तिथल्या रेनो शहरातल्या पॅलेस क्लब या कॅसिनोत अक्षरांच्या जागी आकडे आले आणि प्रत्येक आकड्याला घोड्याचं नाव मिळालं. म्हणजे ही लॉटरी नाही, शर्यत! 1951 मध्ये शर्यतीच्या मैदानाबाहेर घोड्यांवर लावलेल्या पैजांवर केंद्राचा कर बसला, तसे घोडे गायब झाले. उरलं ते केनो.

आजही तिकिटावर 1 ते 80. आपण आवडीचे आकडे काळे करायचे, काउंटरवर पैसे भरायचे, यंत्रातून 20 चेंडू निघताना बघत बसायचं. यंत्र हवेवर चालतं, दिवे लागतात, पण 80 तून 20 हा हिशेब त्या चार वाट्यांचाच आहे. एकच आकडा लावला तर तो लागण्याची शक्यता चारात एक. कॅसिनो बहुधा एका डॉलरचे तीन हातात ठेवतो, आपला डॉलर धरून. चार डाव खेळलात तर सरासरी चार गेले, तीन आले. मला हा भाव फार वाईट वाटतो. आपल्या मुंबईच्या मटक्यातसुद्धा एकेरी आकडा दहात एकदा लागतो आणि भाव नऊचा असतो. कॅसिनोचा चकचकाट मटक्याहून जास्त कापतो!

दहा आकडे लावले तर दहाही लागण्याची शक्यता सुमारे 89 लाखांत एक. साधारणपणे लागतात दोन किंवा तीन. तिकिटावर तीन आकडे जुळलेले दिसले की माणसाला वाटतं, थोडक्यात हुकलं. नीट बघा: तीन जुळणं म्हणजे जवळ येणं नव्हे, ते रोजचंच आहे.

पहिल्या रांगेतल्या ताईंनी तिसरी वाटी निवडलीय. त्यांच्या कागदावरच्या दहांपैकी 7, 31 आणि 64 वाटीत आहेत. झाले तीन. बाकीच्यांनीही आपापले दहा आकडे लिहा, मी चिंचोके पुन्हा मिसळतो.