धुळीचा लोट कुणीकडे चाललाय?

नमस्कार श्रोतेहो. कॉम्प्युटरवरच्या युद्धखेळांत एक प्रकार पाळीपाळीने खेळायचा असतो. आपण आपल्या तुकड्या हलवायच्या, पाळी संपवायची, मग समोरच्याने त्याच्या हलवायच्या. २०१७ साली आलेला ‘फील्ड ऑफ ग्लोरी २’ हा असाच खेळ. रोम, कार्थेज, अलेक्झांडरनंतरची ग्रीक राज्यं यांच्या लढाया त्यात लढता येतात. त्यातल्या एकाच नियमाबद्दल मला आज बोलायचंय.

तुमच्या घोडदळाने समोरची तुकडी उधळली, की ते पळणाऱ्यांच्या मागे लागतं. त्याला थांबवणं तुमच्या हातात नसतं. कधी ते लवकर आवरतं, कधी पार नकाशाच्या कडेकडे निघून जातं. पुष्कळ खेळाडूंना हा नियम जाचतो, आणि त्यांचा वैताग मला समजतो. ऐन मोक्याला आपली सगळ्यात भारी तुकडीच हाताबाहेर जाते. तरी मी म्हणेन की या खेळातला सगळ्यात खरा नियम हाच आहे.

इसवी सन पूर्व २१७ मधली राफियाची लढाई बघा. राफिया म्हणजे गाझा पट्टीच्या दक्षिण टोकाचं आजचं राफाह. एकीकडे इजिप्तचा राजा चौथा टॉलेमी, दुसरीकडे सीरियाचा तरुण राजा तिसरा अँटिओकस. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस आकडे देतो: टॉलेमीचं पायदळ ७०,०००, अँटिओकसचं ६२,०००. टॉलेमीकडे ७३ आफ्रिकी हत्ती, अँटिओकसकडे १०२ भारतीय. आफ्रिकी हत्तींना भारतीय हत्तींचा वास आणि चीत्कार सोसवेना, ते मागे फिरले आणि आपल्याच माणसांत घुसले. अँटिओकस उजव्या बगलेवर स्वतः घोडदळ घेऊन होता. त्याने संधी साधली, समोरची बगल मोडली आणि पाठलाग सुरू केला.

मध्यभागी मात्र दोन्हीकडचे लांब भाल्यांचे व्यूह अजून भिडलेच नव्हते. टॉलेमी मागे सरून आपल्या व्यूहाच्या आडोशाला गेला आणि अचानक सैनिकांसमोर येऊन उभा राहिला. राजाला पाहताच त्यांना हुरूप आला. भाले खाली आले, व्यूह पुढे सरकला आणि अँटिओकसचं पायदळ फुटलं. दूर पुढे गेलेल्या अँटिओकसला वाटत होतं, लढाई आपणच जिंकली. शेवटी एका वयस्कर माणसाने त्याला धुळीचा लोट दाखवला. तो व्यूहाकडून त्यांच्याच छावणीकडे सरकत होता. अँटिओकस परत फिरला, पण तोवर सगळं संपलेलं होतं.

गंमत म्हणजे टॉलेमीच्या उजव्या बगलेवरचा एखेक्रटीस हाही ती धूळच पाहत होता. दुसरीकडे काय होतं ते बघत तो थांबला होता. आपल्या डाव्या बगलेचा निकाल लागलेला दिसला, तेव्हा त्याने वळसा घालून समोरच्या बगलेवर झडप घातली. त्या दिवशीचा खरा सेनानी मला तोच वाटतो.

खेळात धूळ नसते. पाळी संपेपर्यंत सगळं मैदान निवांत न्याहाळता येतं, हा पाळीच्या खेळाचा मोठा फायदा. पण नुसतं दिसून भागत नाही. इथे तुकडीची माणसं किती मेली यापेक्षा तिची घडी किती टिकली, यावर निकाल ठरतो. आधी ती विस्कळीत होते, मग खिळखिळी, मग पळते. समोर झुंजत असलेल्या तुकडीवर बगलेतून हल्ला आला तर ती तडक एक पायरी खाली येते. एक तुकडी पळाली की शेजारच्यांचाही धीर तपासला जातो. अशा वेळी आपले विजयी घोडेस्वार भलतीकडे असतील, तर त्या विजयाचा उपयोग काय?

म्हणून भारी घोडदळ मी पहिल्या पाळ्यांमध्ये सोडत नाही. बगलेवर हलके स्वार ठेवतो, शत्रूला तिथे गुंतवतो आणि पायदळाची एखादी तुकडी फळीमागे राखीव ठेवतो. मधली झुंज रंगली, की मग भारी घोडदळ. कारण पाठलागात ते निघून गेलं, तरी तोवर मध्यभाग स्वतःच्या पायावर उभा असतो.

अँटिओकसने इसवी सन पूर्व १९० मध्ये मॅग्नेशियाला, आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, पुन्हा तेच केलं. रोमनांची डावी बगल मोडून तो थेट त्यांच्या छावणीपर्यंत धडकला. तिकडे दुसऱ्या टोकाला पर्गमॉनचा राजा युमेनीस रोमनांच्या बाजूने लढत होता. समोर पाती लावलेले रथ आले, तेव्हा त्याने तिरंदाज आणि हलकी माणसं पुढे केली. बिथरलेले घोडे रथांसकट आपल्याच लोकांत शिरले. मग युमेनीसने घोडदळ घातलं आणि अँटिओकसच्या व्यूहाची बगल उघडी पडली. व्यूहाच्या फटींमध्ये हत्ती उभे केले होते. बाणांनी आणि भाल्यांनी ते बेभान झाले, तसा व्यूह आतूनच तुटला.

खेळात सेल्युकिड, म्हणजे अँटिओकसच्या घराण्याचं, सैन्य घेऊन रोमशी झुंजता येतं. उलट रोमकडून खेळताना रथ समोर असतील, तर त्यांच्यावर आधी हलकी माणसं सोडा, आणि स्वारांना दोन पाळ्या मागेच थोपवून धरा.